बिल एजन्सीमार्फतच द्या म्हणतात, 15 टक्के कापू द्यायचे का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्याच्या मेंटेनन्स हेडने तुम्हाला स्वतः फोन केला, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) काम आणि रोजचा दर ठरला, आणि आता परचेसवाले म्हणतात की बिल आमच्या मंजूर यादीतल्या एजन्सीकडूनच आलं पाहिजे. एजन्सी 15 टक्के ठेवणार. काम तिने आणलेलं नाही, मग तिला कशाला द्यायचे?

माझं उत्तर: द्या. पण पैसे कुठल्या तारखेला हातात पडणार, ते आधी लिहून घ्या. नऊ वर्षं झाली, हिंगणा आणि बुटीबोरीत मी पॅनेल आणि कमिशनिंगची (नवी यंत्रणा चालू करून देण्याची) कामं स्वतंत्रपणे घेतो. मला टक्क्यांनी जेवढं खाल्लं नाही तेवढं उधारीने खाल्लं.

एजन्सी काहीच करत नाही असं आधी मलाही वाटायचं. मग एका मे महिन्यात सकाळी साडेसातला गेटवर उभा होतो. सिक्युरिटीच्या भाऊने रजिस्टर उलटंपालटं केलं आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्या एजन्सीची डब्ल्यूसी पॉलिसी परवाच संपली नं. पास नाही बनत.’’ आत लाइन बंद पडलेली, मेंटेनन्सचे फोनवर फोन, आणि मी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन दुपारी एकपर्यंत कडुनिंबाखाली बसून. त्या दिवशी कळलं की कामगारांचा अपघात विमा (तीच डब्ल्यूसी पॉलिसी), पीएफ-ईएसआयचे कागद, सेफ्टी इंडक्शन, व्हेंडर कोड हे सगळं कोणीतरी सांभाळतं म्हणून आपण आत जातो. एजन्सी हे चोख करत असेल आणि ग्राहक 60 दिवसांनी पैसे देत असताना तुम्हाला महिन्याला देत असेल, तर 15 टक्के मला जास्त वाटत नाहीत. नुसतं तुमचं बिल आपल्या लेटरहेडवर छापून पाठवत असेल, तर जरूर घासाघीस करा.

आता 15 टक्के कशाचे, ते विचारा. ग्राहक रोजचे 6,000 देतो असं धरा. त्यातून 15 टक्के कापले तर तुम्हाला 5,100 मिळतात. तुमच्या दरावर 15 टक्के चढवले असतील तर तुमचा दर 5,217 होतो. 22 दिवसांच्या महिन्यात हा फरक अडीच हजारांच्या वर जातो, आणि फोनवर दोन्हीला ‘पंधरा टक्के’च म्हणतात. मलाही 15 सांगितले होते. पुढे एकदा स्टोअरमध्ये टाइमशीटवर सही करताना खाली पिन केलेली परचेस ऑर्डर दिसली: रोजचे 7,200. माझ्या हातात येत होते 5,000, म्हणजे 30 टक्क्यांहून जास्त. म्हणून ग्राहकाचा दर आणि तुमचा दर हे दोन्ही आकडे करारात मागा. तुमचा दर ग्राहकाशी तुम्हीच ठरवलाय, तेव्हा मागायला संकोच नको.

जीएसटीच्या नावाखाली काही कापू देऊ नका. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर तुम्ही लावलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट एजन्सीला मिळतं, तो तिचा खर्च नव्हे. टीडीएस मात्र कापला जाणारच. तो तुमच्याच नावे भरलेला आयकर आहे, दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो की नाही ते बघत जा.

खरा घोळ एजन्सीच्या करारातल्या ‘ग्राहकाकडून पैसे आल्यावर 15 दिवसांत’ या ओळीत असतो. याच ओळीवर माझे चार महिन्यांचे पैसे अडकले होते, घराचा हप्ता बहिणीकडून उसने घेऊन भरला. तेव्हा माझ्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नव्हती. तुम्ही काम सुरू करण्याआधी ती करून घ्या. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, पाचशे-हजार मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं असलं तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 पासून मुदत उलटून थकलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय एजन्सीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. हे एजन्सीच्या सीएला पक्कं ठाऊक असतं, म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापा. मात्र एजन्सीने तुम्हाला पगारावर घेतलं तर हे संरक्षण लागू नाही. एजन्सीला स्वतःच्या नावाने बिल करा.

राहिलं एजन्सीच्या करारातलं ‘दोन वर्षं ग्राहकाकडे थेट जाणार नाही’ हे कलम. करार संपल्यानंतरही धंदा करू नये अशी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली साधारणपणे टिकत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण एजन्सी आणि कारखाना यांच्यातल्या करारात वेगळी अट असू शकते, आणि त्या अटीमुळे परचेसच तुम्हाला दारात उभं करत नाही. तुमची बाजू इथे भक्कम आहे: तुम्हाला कारखान्याने शोधलंय. मेंटेनन्स हेडकडून दोन ओळींचा ईमेल घ्या, ‘यांचं नाव आम्ही सुचवलं, एजन्सीने नाही’, आणि तो जोडून एजन्सीला ते कलम काढायला सांगा. मी दोनदा असं केलं, दोन्ही वेळा काढलं.

आणि सही करण्याआधी परचेसला एक फोन करा. मंजूर यादीत बहुतेक वेळा दोन-तीन एजन्स्या असतात, समोर मात्र एकच नाव ठेवलं जातं. बाकीची नावं मागून घ्या, त्यांचे दर विचारा. जमलं तर त्यांच्यामार्फत आधी काम केलेल्या एखाद्याला गाठून एवढंच विचारा, की शेवटचे पैसे कितव्या दिवशी आले.