संपमध्ये सॉक लावू, फ्लॉस ठेवू, रोलर घेऊ की काहीच नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात दोन क्लाउनफिश, दोन गोबी, थोडे सॉफ्ट कोरल. खाली संप, म्हणजे फिल्टरचं सामान ठेवायची दुसरी टाकी, आहे आणि तिच्या पहिल्या कप्प्यात सॉकसाठी, म्हणजे पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीसाठी, दोन भोकं आहेत. एक जण म्हणतो सॉकशिवाय चालणारच नाही. दुसरा म्हणतो सॉक काढून टाका, नायट्रेट त्यानंच वाढतं. ऐकायचं कुणाचं?

दोघंही खरंच सांगतायत. सॉकसारखा मेकॅनिकल फिल्टर कचरा अडवतो, टँकबाहेर काढत नाही. बाहेर काढायचं काम तुमचं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचे तुकडे सॉकमध्ये अडकले तरी ते पाण्यातच असतात, आणि टँकचं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा त्यांच्यातूनच जात असतं. अडकलेलं कुजायला लागतं. त्यातून अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, शिवाय फॉस्फेट सुटतं ते वेगळंच. सॉक दोन-तीन दिवसांत बाहेर आला तर बराचसा कचरा कुजायच्या आत त्याच्याबरोबर निघून जातो. दहा दिवस तसाच राहिला तर कचरा एका जागी गोळा करून त्यावर पाण्याची धार सोडल्यासारखंच झालं.

हे मी स्वतः बघितलंय. कामाच्या गडबडीत माझे सॉक आठ-आठ, दहा-दहा दिवस तसेच राहायला लागले आणि महिन्याभरात नायट्रेट १० वरून ३० च्या पुढे गेलं. मासे तेच, खाणंही तेवढंच. दर दोन दिवसांनी सॉक बदलायला लागले आणि पाणी बदलण्याचं नेहमीचं वेळापत्रक पाळलं, तेव्हा काही आठवड्यांनी आकडा खाली आला. म्हणून कुठला फिल्टर चांगला हे विचारायच्या आधी, आठवड्यातून किती वेळा तुमचा हात खरोखर संपमध्ये जाणार आहे ते ठरवा. उत्साहाच्या पहिल्या महिन्याचा हिशोब धरू नका. वर्षभरानंतरचा धरा.

आता सॉकबद्दल जरा सविस्तर. फेल्टचे, म्हणजे दाट दाबलेल्या कापडाचे, आणि जाळीचे असे दोन प्रकार मिळतात. फेल्ट बारीक कचराही धरतो आणि म्हणून लवकर तुंबतो. जाळीचा धुवायला सोपा, पण बारीक कण सोडून देतो. आकडा मायक्रॉनमध्ये असतो. २०० मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा पाचवा भाग, १०० म्हणजे त्याच्या निम्मं. रोजच्या वापराला २०० पुरतो. १०० चा लावलात तर पाणी काचेसारखं दिसेल, पण तो बदलायला वारंवार हात घालावा लागेल.

सॉक तुंबत आला की आधी कानाला कळतं. ओव्हरफ्लोचं, म्हणजे टँकमधून खाली येणारं, पाणी एरवी सॉकच्या तळाशी पडतं, त्याचा खोल आवाज येतो. सॉक भरत जातो तसा तो आवाज वर सरकतो, उथळ होतो, आणि मग पाणी काठावरून वाहायला लागतं. त्या क्षणापासून गाळणी संपली, कचरा सरळ पुढच्या कप्प्यात. एवढं झालं तरी फार बिघडत नाही, फक्त ते पाणी संपमध्येच पडलं पाहिजे, जमिनीवर नाही. हे आधीच तपासून घ्या. स्वच्छ सॉकवर बाहेरून प्लास्टिकची पिशवी चढवा, पंप चालू करा आणि पाणी कुठून सांडतंय ते समोर उभं राहून बघा. सॉक वापरणार असाल तर ही चाचणी टाळू नका.

धुण्याचं काम खरं कंटाळवाणं, आणि बहुतेकांचा सॉक तिथेच अडतो. काढल्या काढल्या उलटा करून जोराच्या धारेखाली धुवा, वाळला की मैला चिकटून बसतो. मग साध्या ब्लीचच्या पातळ पाण्यात काही तास भिजवा. ब्लीच सुगंध न घातलेलं आणि साबण नसलेलं हवं. त्यानंतर भरपूर पाण्यानं खळबळून, क्लोरीन घालवणारं औषध टाकलेल्या पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवा. कपड्यांचा साबण किंवा सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा अंश राहिला तर स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, फेसानं उतू जातो. क्षाराचा थर काढायला व्हिनेगर चालतं, पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन भोकांसाठी आठ-दहा सॉक जवळ असले तर धुणं एकदमच उरकता येतं.

एकदा वापरलेला सॉक मी टँकच्याच पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या बादलीत झटकला आणि टॉर्च मारला. गाळ खाली बसला आणि वरच्या पाण्यात शेकडो ठिपके झटके देत पोहायला लागले: कोपेपॉड, स्वल्पविरामासारखे वाकलेले ॲम्फिपॉड (हे दोन्ही कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, थोडक्यात पॉड), आणि पाच बारीक पाय हलवणारा, ताऱ्यासारखा एक ब्रिटल स्टार. सॉक हे सगळं अडवतो, आणि तुम्ही ते नळाखाली मारून टाकता. मँडरिनसारखा, पॉड खाऊन जगणारा मासा ठेवायचा विचार असेल तर याचा नक्की हिशोब करा. रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ आणि पॉड वाढवायचा कप्पा, असलं तर ते सॉकमधून पाणी गाळून झाल्यानंतरच्या जागी ठेवा, म्हणजे तिथं वाढलेले पॉड रिटर्न पंपातून वर टँकमध्ये जातील.

फ्लॉस, म्हणजे तो पांढरा कापसासारखा फायबर, मला तुमच्यासारख्या टँकला सगळ्यात योग्य वाटतो. धुण्याची भानगड नाही. काळपट झाला की काढला आणि टाकला. सॉकच्या भोकात बसणारा भोकाभोकांचा कप मिळतो, त्यात तळ झाकेल एवढाच ठेवा, ठासून भरू नका. पाणी त्याच्यातून गेलं पाहिजे, कडेनं नाही. रंगीत किंवा कसली प्रक्रिया केलेला फायबर नको.

स्पंज घेऊ नका. त्यात जिवाणू वस्ती करतात, नायट्रेट होईपर्यंत सगळं तिथंच घडतं, आणि तो पिळून पिळून धुवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. जिवाणूंसाठी टँकमधले लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणूंची वस्ती असलेले सच्छिद्र दगड, आहेतच.

रोलरचं तत्त्व वेगळं आहे. पाणी कापडाच्या पट्टीतून जातं. कापड तुंबलं की पाण्याची पातळी चढते, ते सेन्सरला कळतं, मोटर थोडी फिरते आणि नवं कापड पुढे येतं. मळलेलं कापड पाण्याबाहेर गुंडाळलं जातं, म्हणजे कचरा खरोखर टँकच्या बाहेर जातो आणि तुमचा हात लागत नाही. भरपूर खाणारे मोठे मासे असतील किंवा तुम्ही सतत प्रवासात असाल तर मी बिनधास्त रोलरच घ्या म्हणेन. पण कमी माशांच्या टँकमध्ये तो पाणी फारच साफ करू शकतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले की कोरल फिके पडतात, आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, पसरायला वाव मिळतो. चार लहान माशांसाठी मला तो जास्तीचा वाटतो.

काहीच न लावणं हाही खरा पर्याय आहे. स्किमर चांगला असेल, आणि पाणी बदलताना संपच्या पहिल्या कप्प्यात बसलेला गाळ तुम्ही नळीनं ओढून काढणार असाल, तर टँक नीट चालतो. पाणी थोडं कमी चमकतं, पण फेदर डस्टर, जिवंत समुद्री स्पंज, सन कोरल अशा पाण्यातले कण वेचून जगणाऱ्या जिवांना ते मानवतं.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगते. ओव्हरफ्लोची नळी ज्या भोकात सुटते तिथं फ्लॉसचा कप ठेवेन, दुसरं भोक तुंबलं तर वाट म्हणून मोकळं सोडेन, आणि दर दोन-तीन दिवसांनी फ्लॉस बदलेन. खाणं घालताना रिटर्न पंप दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवेन, नाहीतर अर्धं खाणं माशांच्या आधी फ्लॉसच खातो. २०० चा एक सॉक हाताशी ठेवेन, दगडांवरचा गाळ उडवायच्या किंवा वाळू ढवळायच्या दिवसापुरता, आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकेन. बाटलीतले जिवाणू घालता तेव्हा मात्र दोन-तीन दिवस सॉक, फ्लॉस सगळंच काढून ठेवा.

बदल केल्यावर चार आठवडे दुसरं काही बदलू नका, आठवड्याला नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून लिहून ठेवा. पहिल्या कप्प्याची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इथं लिहिलीत तर पुढे रोलर घ्यावासा वाटला तर तो बसेल का, तेही सांगू शकेन.