प्रोग्रामिंग स्पर्धा भरवायची आहे? प्रश्न आणि जज तुझ्याकडे ठेव

प्रश्न: सर, मी धुळ्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांसाठी आम्ही प्रोग्रामिंग स्पर्धा घेतोय. ४० टीम येतील, संयोजन माझ्याकडे आहे. पप्पा म्हणतात, यात सहा महिने घालवण्यापेक्षा प्लेसमेंटची तयारी कर. काय करू?

उत्तर: जबाबदारी जरूर घे. फक्त बॅनर, बक्षिसं, पाहुण्यांची ऊठबस दुसऱ्यांकडे सोपव. प्रश्नसंच आणि जज सर्व्हर, म्हणजे टीमचे प्रोग्राम आपोआप तपासणारी यंत्रणा, स्वतःकडे ठेव. स्पर्धा फसते ती इथेच, आणि मुलाखतीत सांगण्यासारखं कामही हेच.

रचना आयसीपीसी या कॉलेज विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेसारखी असू दे: टीममध्ये तिघं, तिघांत एकच कॉम्प्युटर. तिथे ५ तास असतात. तुम्हाला पहिल्या वर्षी ४ तास आणि ८ प्रश्न पुरेत. आयसीपीसीचं नाव मात्र परवानगीशिवाय पत्रकावर टाकू नका. जास्त प्रश्न सोडवणारी टीम वर, बरोबरी झाली तर कमी वेळवाली. सुटलेल्या प्रश्नावर आधीच्या प्रत्येक चुकीला २० मिनिटं दंड. म्हणजे दोनदा चुकून ४७व्या मिनिटाला सुटला, तर वेळ ८७ मिनिटं.

८ पैकी दोन प्रश्न नवख्या टीमलाही जमतील असे हवेत. शून्यावर घरी गेलेली पोरं पुढच्या वर्षी नाव नोंदवायला कचरतात. प्रश्न लिहिणारा एक असेल तर तो उत्तर न बघता सोडवणारा दुसराच असावा, आणि दोघांच्या प्रोग्रामची उत्तरं सगळ्या टेस्ट केसवर, म्हणजे तपासणीसाठी दिलेल्या प्रत्येक माहितीसंचावर, जुळावीत. एखादी केस फक्त १ आकड्याची, एखादी सगळे आकडे सारखे असलेली, एखादी कमाल मर्यादेची ठेव. १ लाख आकडे, प्रत्येक १ लाखाचा, तर बेरीज १,००० कोटी होते. प्रोग्राममध्ये पूर्ण संख्या ठेवायच्या साध्या ३२ बिटच्या इंटमध्ये २१४ कोटींच्या आसपासच मावतं. अशी केस नसेल तर चुकीचा प्रोग्राम खुशाल पास होतो.

उलटंही घडतं. प्रश्नात मर्यादा १ लाख लिहिलेली आणि फाइलमध्ये १ लाख १ आकडे, की नेमकी बरोबर टीम मार खाते. म्हणून प्रत्येक फाइल तपासणारा छोटा व्हॅलिडेटर लिहाच. विंडोजवर केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह असतं. सी प्लस प्लसमध्ये गेटलाइनने, म्हणजे अख्खी ओळ एकदम, वाचणाऱ्यांचं उत्तर त्यापायी चुकतं.

जजसाठी डॉमजज हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सर्व्हरला एक मशीन, प्रोग्राम तपासायला तीन, तीही एकाच कॉन्फिगरेशनची. नाहीतर तोच प्रोग्राम एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर टाइम लिमिटमध्ये, म्हणजे चालायला दिलेल्या कमाल वेळेत, अडकतो. टाइम लिमिट त्याच मशीनवर ठरवायची: सर्वांत हळू चालणाऱ्या बरोबर जावा प्रोग्रामला लागतो त्याच्या दुप्पट वेळ.

लॅबमध्ये ४० अधिक ४ राखीव मशीन. इंटरनेट बंद, फक्त लॅन चालू. लाइट गेली तर मशीन यूपीएसवर तगतात, पण भिंतीवरचा नेटवर्क स्विच साध्या सॉकेटला असतो. तो बंद पडला की स्क्रीन चालू आणि सबमिशन, म्हणजे जजकडे प्रोग्राम पाठवणं, ठप्प. स्विचही यूपीएसवर घे, जनरेटर असला तरी. तो सुरू होईपर्यंत काही सेकंद जातातच.

आदल्या दिवशी तासाभराची चाचणी घे. सगळ्या मशीनवरून एकदम सबमिशन पाठवा. काही मुद्दाम चुकीची, एक तरी न संपणाऱ्या लूपची. शेवटच्या तासात अशीच गर्दी उसळते.

तारीख फेब्रुवारीतली धर, एप्रिल-मेच्या उन्हात नको. नंदुरबारकडच्या टीम लांबून येणार, तेव्हा सुरुवात ११ला. मधे ताटं मांडत बसू नका. टेबलावर पाणी आणि रावेरची केळी पुरतात.

आता पप्पांचं. सहा महिने लागत नाहीत, आठ आठवडे लागतात: प्रश्न लिहायला चार, टेस्ट केस तपासायला दोन, सर्व्हरला एक, चाचणी आणि दुरुस्तीला एक. टेस्ट केस शोधायची ही सवय प्लेसमेंटच्या कोडिंग राउंडमध्येही लागतेच. आठवडावार काम आणि प्रत्येकापुढे कोणाचं नाव, असा तक्ता एका कागदावर करून त्यांना दाखव. तुझ्या नावापुढे दिवसाला दीड तासापेक्षा जास्त दिसत असेल, तर प्रश्न लिहायला आणखी दोघांना घे.