ससा लपत नाही

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला आणि झोप उडाली. घर मनासारखं मिळालंय, ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, आणि करारात एक ओळ: पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. त्यावर एजंट म्हणतो, "ससाच तर आहे, भुंकत नाही की ओरडत नाही. सांगूच नका." ससा देऊन टाकू का, हे तू विचारलं नाहीस, म्हणून तर उत्तर लिहायला बसले. तू विचारलंस, सांगू की नको.

सांग. सही करायच्या आधी सांग.

ससा मुका असतो हे अर्धसत्य आहे, तुला मी सांगायला नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो जागा असतो, आणि काही खटकलं की मागचा पाय असा आपटतो की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं वर वरवंटा पडला. दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणंही जन्मभर: चार्जरची वायर, दाराची चौकट, भिंतीच्या तळाची पट्टी. लघवीत कॅल्शियम असतं, त्याचे पांढरे डाग फरशीवर बसतात. (व्हिनेगरने निघतात, पण फरशी संगमरवरी असेल तर व्हिनेगर लावू नकोस, दगडच खाल्ला जातो. मला विचार.) गवताची कुसं तर जिन्यापर्यंत तुझी चुगली करतील. आणि हा काही चार महिन्यांचा पाहुणा नाही, नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. इतकी वर्षं लपवणार?

पण पकडली जाशील म्हणून सांग, असं मी म्हणत नाहीये. पकडलं जाणं त्यातल्या त्यात बरं. मी पकडले गेले नाही.

गोंड्या माझा पहिला ससा. मालक यायचे म्हटलं की त्याला टोपलीत घालून कपाटात ठेवायचे. मला तेव्हा ते हुशारीचं वाटायचं. मग एका उन्हाळ्यात घरातला एसी बंद पडला. दुरुस्ती मालकांकडे होती, एक फोन केला की माणूस आला असता. पण माणूस येणार म्हणजे मालकही येणार, पिंजरा हलवा, गवत झाडा, वास घालवा. म्हटलं, रविवारी बघू. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. तापमान तिशीच्या वर गेलं आणि हवा कोंडलेली असली की त्याचं काही चालत नाही. हे मला नंतर कळलं, डॉक्टरांकडून. गुरुवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा तो आडवा पडला होता.

तू म्हणशील, त्याला दुसरीकडे ठेवायचं. ठेवता आलं असतं. बर्फाची बाटली ठेवून जायचं. तीही ठेवली होती, सकाळी, दुपारपर्यंत तिचं पाणी झालं. मी निष्काळजी नव्हते गं. ज्या घरात तो अधिकृतपणे राहतच नव्हता, त्या घरात त्याच्यासाठी काही मागता येत नव्हतं, एवढंच. लपवलेल्या सशाला दुरुस्ती मिळत नाही. त्याने खाणं सोडलं तर दहा-बारा तासांत डॉक्टर गाठावा लागतो, अशा वेळी रात्री दोनला जिन्यात पिंजरा घेऊन उतरताना कोण बघेल याचा विचार करत उभी राहशील. मी उभी राहिले आहे.

तेव्हा सांग. आणि सांगताना "छोटासाच आहे, कळणारही नाही" असलं लाडिक बोलू नकोस; ज्यांना कळत नाही त्यांना पटवायचं असतं, फसवायचं नसतं. नसबंदी झाली आहे हे सांग, नर असेल तर मूत्राचे फवारे त्यानेच बहुधा थांबतात. तो ट्रेमध्येच जातो हे सांग. वायरी पाइपात घालीन, चौकटींना पत्रा नाहीतर लाकडी पट्टी लावीन, खाली चटई घालीन, नुकसान झालं तर भरून देईन, हे लिहून दे. आत्ताच्या मालकांकडून चार ओळी आण. त्यांनाही सांगितलं नसशील तर आधी तिथे सांग, मग माझ्याकडे ये.

"चालेल" म्हणाले तर ते "चालेल" करारात येऊ दे. तोंडी होकाराचं आयुष्य मालकांचा मुलगा कारभार बघायला लागेपर्यंत. किती ससे तेही लिही. त्यांना जोडीदार लागतो, उद्या तू दुसरा आणशीलच, मग एकाच्या परवानगीवर दोन, म्हणजे पुन्हा कपाट.

"नाही" म्हणाले तर ते घर सोड. हो, चालत जाण्याच्या अंतरावरचंसुद्धा. मी गोंड्यानंतर सतरा घरांचे नकार ऐकले आणि शेवटी दीड तास लांब राहायला गेले. लोक हसले. हट्टी म्हणाले. असेन.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. ते घर सोडताना मालकांनी भिंतीच्या तळाची कुरतडलेली पट्टी पाहिली आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, उंदीर असतील. ससा उंदरांच्या गणातला नव्हेच, १९१२ सालीच शास्त्रज्ञांनी त्याचा गण वेगळा काढला, हे मला तेव्हाही माहीत होतं. मालक बिचारे ओशाळले. "तुम्ही बोलला नाहीत कधी, त्रास झाला असेल," म्हणाले, आणि अनामत पूर्ण परत दिली. मी मोजून घेतली.

एजंटच्या हाती निरोप देऊ नकोस. उद्या स्वतः फोन कर, आणि काय म्हणाले ते मला लगेच कळव.

तुझी,
मावशी