बाबांनी ॲपवर बीपी टाकणं सोडलं, आता काय करू?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. वडील नागपुरात, मानेवाड्याला. वय ६४, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. आठ महिन्यांपूर्वी बीपी निघालं, तेव्हा तिनं दंडाला बांधायचं डिजिटल मशीन आणून दिलं आणि आमच्या क्लिनिकचं ॲप त्यांच्या मोबाईलवर टाकलं. ‘‘पहिले तीन महिने रोज नोंद यायची, मॅडम. मग एक दिवसाआड. आता महिना झाला, काहीच नाही. फोन केला तर म्हणतात, ठीक आहे सगळं. आळस करतात का हो? की घाबरलेत?’’

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतं. विचारणारी बहुतेक वेळा मुलं असतात आणि ‘आळस’ हा शब्द ठरलेला असतो. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील मी बदलले आहेत.)

काका आले ते काकूंना घेऊन. मी मशीनही आणायला सांगितलं होतं. ॲपवरच्या त्यांच्या जुन्या नोंदी मी आधीच पाहून ठेवल्या होत्या आणि त्यातलं काहीतरी खटकत होतं. नोंदी थांबण्याआधीच्या दीड महिन्यात १२८/८२, १३०/८२, १२८/८०, पुन्हा १२८/८२. खरा रक्तदाब इतका शिस्तीत वागत नाही. सकाळ-संध्याकाळ, झोप, चहा, भांडण, सगळ्यानं तो हलतो. मशीनमध्ये मागच्या मोजण्या साठवलेल्या असतात, त्या उघडल्या. ॲपवर त्या दीड महिन्यात वीसेक नोंदी, मशीनमध्ये बारा. त्यातली एक १५८/९६.

मी काही बोलले नाही. मशीन काकांच्या हातात होतं, त्यांनाही दिसलंच. थोडा वेळ गेला आणि तेच म्हणाले, ‘‘खोटं वेबिल भरलं म्हणा ना मॅडम.’’ (वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकीट-पैशांच्या हिशेबाचा कागद.)

मग जे बोलले ते मी वहीत उतरवून ठेवलंय. ‘‘तीस वर्षं वेबिल भरलं मी. डेपोत कॅश जमा करताना समोरचा माणूस रुपया रुपया मोजून घ्यायचा. चुकलं तर तिथंच सांगायचा. इथं मी सकाळी उठून नंबर टाकून राहिलो, अन् तिकडून येते, ‘अभिनंदन, आजची नोंद पूर्ण.’ १६० टाका तरी अभिनंदन, १२० टाका तरी अभिनंदन! पाहून कोण राहिलं होतं?’’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कोणी पाहत नव्हतं. आमच्याकडे त्या नोंदी डॉक्टर पाहत ते रुग्ण तपासणीला आला की. मधले दोन-अडीच महिने आकडे नुसते साचत होते. सकाळी सातला जाणारी आठवणही आपोआप जायची, माणूस आजारी असो की लग्नाला गेलेला. हा दोष काकांचा नव्हे, आमचा.

पाहणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मुलगी. आकडा १४०च्या वर गेला की तिच्या फोनवर लाल रंगात सूचना जायची आणि पाच मिनिटांत इकडे रिंग. ‘‘तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दोस्तांसोबत उभा होतो. फोन आला, बाबा, लोणचं खाल्लं का पुन्हा? स्पीकर सुरू होता माझा. सगळे हसले. पोरगी चेकिंगवाली होऊन बसली जी.’’ त्या दिवसापासून १२८/८२.

म्हणजे एका बाजूला कोणीच नाही आणि दुसऱ्या बाजूला फक्त झडती. अशा ठिकाणी कोण प्रामाणिक नोंद भरेल? मीही भरली नसती.

खोट्या आकड्यांचा धोका मात्र मी त्यांना सरळ सांगितला. डॉक्टर औषधाची मात्रा त्याच आकड्यांवरून ठरवतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत घरी मोजलेल्या आकड्यांवरून औषध ठरवल्यावर वर्षभरानं रक्तदाब नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त उतरलेला दिसला. पण तिथं आकडा कोणीतरी वाचत होतं आणि त्यावर काहीतरी करत होतं. आपल्या शेजारीच बघा. २०१७च्या शेवटी सुरू झालेल्या सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यातच होते. तिथं ॲप रुग्णाच्या हातात नव्हतं, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातात होतं. कोण ठरल्या तारखेला आलं नाही त्याची यादी त्यात दिसायची आणि त्यावरून माणूस माणसाला फोन करायचा.

बोलता बोलता काकूंनी आणखी एक गोष्ट काढली. काकांचे घोटे सुजत होते म्हणून ते गोळी एक दिवसाआड घेत होते. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं काहींना अशी सूज येते, पण ॲपमध्ये आकड्याला जागा होती, घोट्याला नव्हती. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी औषध बदललं.

मोजायची पद्धतही तपासली. काका सकाळी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडात टाकून लगेच पट्टा बांधायचे. तंबाखूनं बीपी काही काळ चढतं. आधीचा अर्धा तास खर्रा नाही, चहा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, आणि मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं. खर्रा सोडायचा विषय त्या दिवशी मी वाढवला नाही. एका बैठकीत सगळंच मागितलं की माणूस पुढच्या बैठकीला येत नाही. मशीन टेबलावर होतंच म्हणून काकूंचंही बीपी मोजलं. त्यांचं या आधी कोणी कधी मोजलं नव्हतं! १४६/९०. आता त्यांचीही फाईल आहे.

रोजची नोंद आम्ही बंद केली. आठवड्यातून दोन दिवस पुरे. तपासणीच्या आधी मात्र सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. ॲपमध्ये टाइप करायचं नाही, मशीनचा फोटो काढून आमच्या सिस्टरांना व्हॉट्सॲप करायचा. सिस्टर त्याच दिवशी स्वतःच्या शब्दांत उत्तर देतील. दोन आठवडे फोटो आला नाही तर फोन करतील, रागावायला नव्हे, विचारायला.

मुलीशी बोलणं जास्त अवघड गेलं. तिची लाल सूचना बंद करायची म्हटल्यावर ती रडली. ‘‘मग मला कळणार कसं?’’ शेवटी ठरलं की १८०/१२०च्या वर गेलं तरच तिला कळवायचं. तेव्हा काकांनी शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तरीही तेवढंच असेल तर लगेच डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं, एक हात-पाय लुळा वाटणं, यातलं काहीही असलं तर फोटोबिटो काही नाही, थेट दवाखाना. आणि रविवारच्या फोनवर बीपीचं नाव आधी तिनं काढायचं नाही.

पहिल्या रविवारी तिनं दोन मिनिटांत विचारलंच. दुसऱ्या रविवारी, ती सांगते, बाबा अर्धा तास डेपोच्या गोष्टी सांगत बसले.

मागच्या महिन्यात काकांचा फोटो आला, १५२/९४. सोबत आवाजातला निरोप: ‘‘सिस्टर, काल पुतण्याच्या लग्नात सावजी झालं, पापडही झाले. जे आहे ते पाठवून राहिलो.’’

सिस्टरांनी लिहिलं, ‘‘बरं केलं काका. आज पाणी प्या, गोळी घ्या, उद्या सकाळी पुन्हा मोजून पाठवा. आणि काकूंचाही पाठवा, त्यांचा मंगळवारचा राहिलाय.’’