प्लॉट पाडायच्या आधी रस्ता बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, आमची दोन भावांची मिळून 2 एकर जिरायत जमीन आहे, गावाच्या जवळच, झोन दाखला काढला तर रहिवासी आलाय. डांबरी रोडपासून जमिनीपर्यंत 10 फुटाची पाणंद आहे, साधारण 200 मीटर. एजंट म्हणतो लगेच प्लॉटिंग करून टाका, रस्त्याचं नंतर बघू. काय करावं? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : भाऊ, "रस्त्याचं नंतर बघू" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. लेआउटला (प्लॉट-रस्त्यांच्या आराखड्याला) मंजुरी घ्यायची तर नगररचनावाले पहिलं विचारतात पोहोचरस्ता कुठून आणि किती रुंद. 10 फूट म्हणजे 3 मीटर, त्यात ट्रॅक्टर जातो पण अग्निशमनची गाडी गेली तर समोरून येणाऱ्याने उभं कुठे राहायचं? आणि लेआउटच्या आतला रस्ताच साधारण 9 मीटरपासून सुरू होतो, लांबी वाढली की रुंदीही वाढते, मग बाहेरून येणारा 3 मीटरचा कसा चालेल सांगा.

आता तुमचाच हिशोब मांडून बघू. 2 एकर म्हणजे 80 गुंठे, जवळपास 8,090 चौरस मीटर. समजा जमीन 60 बाय 135 मीटर आहे, मधून 9 मीटरचा रस्ता काढला तर तो एकटाच 12 गुंठे खातो. जमीन 4,000 चौ.मी. किंवा त्याहून जास्त असली की 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते, म्हणजे अजून 8 गुंठे (एक एकर सुद्धा 4,046 चौ.मी. भरतो, त्यामुळे एक एकरवाल्यांनीही हे धरून चालावं). राहिले 60. रस्ता पुढे बंद होत असेल तर शेवटी गाडी वळवायला जागा, ती वेगळीच. एजंटने तुम्हाला 80 गुंठ्याचे पैसे मोजून दाखवले असतील तर तो कागद फाडून टाका.

आणि पाणंद 9 मीटर करायची तर 200 मीटर लांब, 6 मीटर रुंद पट्टा शेजाऱ्यांकडून लागणार, तोही 12 गुंठ्याचाच. म्हणून आधी गाव नकाशावर पाणंद दाखवलीय का ते बघा, सरकारी मोजणी करून घ्या, बऱ्याच ठिकाणी नकाशावरची रुंदी जागेवर बांधात गेलेली असते. कमी पडेल तेवढी शेजाऱ्याशी बोलून घ्या आणि जे ठरेल ते नोंदणीकृत दस्त करून, रुंदी मीटरमध्ये लिहून, आणि सगळ्या प्लॉटधारकांना कायम वहिवाट असं स्पष्ट घालून. विकतच घेणार असाल तर तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला मनाई) प्रश्न उठू शकतो, तो खरेदीखताच्या आधी मिटवा. काहीजण सांगतील तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करा, पण तो बांधावरून शेतात जायच्या रस्त्यासाठी आहे, चाळीस घरांच्या वाहतुकीसाठी नाही.

अजून एक, आतला रस्ता तुमच्या हद्दीपाशी भिंत घालून संपवू नका. उद्या पलीकडच्या गटाचा लेआउट झाला की दोन्ही रस्ते जोडले जाऊ देत, एकाच तोंडाची वसाहत पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की अडकून पडते. पुढच्या प्लॉटला दुकानं काढायचा विचार असेल तर ते पण आत्ताच ठरवा, कारण कुठला धंदा चालेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरंच अवलंबून असतं.

प्रश्न : ताई/दादा, 3 वर्षांपूर्वी प्लॉट घेतला, नकाशात 9 मीटर रस्ता आणि बाग होती. आता मालकाने बागेच्या जागेला तारेचं कुंपण घातलंय, म्हणतो फेज दोनचे प्लॉट पडणार. रस्ता पण जेमतेम 6 मीटर भरतोय. आम्ही 20 जण आहोत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, खुली जागा अशी विकता येत नाही, ती मोजूनच तर तुमचा लेआउट मंजूर झालाय. आधी ब्रोशरमधलं चित्र बाजूला ठेवा आणि मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत काढा, ज्याच्यावर सही-शिक्का आणि मंजुरीचा नंबर आहे ती. दोन्हीत फरक निघाला तर मंजूर नकाशाच धरायचा. 500 चौ.मी. च्या वरचं प्लॉटिंग रेराला (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदवावं लागतं, तुमचं नोंदलेलं असेल तर तिथेही नकाशा सापडेल, आणि रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मंजूर लेआउट किंवा सामायिक जागा बदलायची तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. त्यामुळे संमतीपत्र म्हणून कोणी कोरा कागद पुढे केला तर एकानेही सही करू नका!

कुंपणाचे फोटो तारखेसकट ठेवा, रस्त्याची मोजणी मागवा, आणि वीसही जणांच्या सहीने नियोजन प्राधिकरणाला अर्ज द्या की एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53 खाली विनापरवाना काम काढायला लावा. रस्त्यावरच अडथळा टाकला असेल तर कोणी मामलतदार कोर्ट कायदा 1906 चा मार्ग सुचवेल, पण तो शेतजमिनीच्या रस्त्यासाठी आहे, आणि तिथेही अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत जावं लागतं. तरी कुंपण कधी पडलं ती तारीख आजच लिहून काढा.