सिएटल ते केचिकान, छोट्या बोटीने: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही बेलव्ह्यूला राहतो. मागच्या वर्षी ३२ फुटी सेकंडहँड ट्रॉलर घेतली, सिंगल डिझेल इंजिन, ७ नॉट्सच्या (तासाला ७ सागरी मैल) पुढे जातच नाही. जूनमध्ये मी आणि बायको दोघंच इनसाइड पॅसेजने, म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्यालगत बेटांच्या आडून जाणाऱ्या जलमार्गाने, अलास्कातल्या केचिकानपर्यंत जाऊन यायचं म्हणतोय. सुट्टी साडेतीन आठवडे. एवढी हळू बोट चालेल का, की आधी इंजिन बदलू?

उत्तर: इंजिनाला हात लावू नका, बोट चालेल. सुट्टी मात्र पुरणार नाही. एका बाजूचं अंतर सहाशे सागरी मैलांच्या आसपास आहे, म्हणजे ७ नॉट्सने ८५ तास. रोज सहा तास धरले तरी चौदा-पंधरा दिवस फक्त चालण्यात जातात, आणि वाऱ्यापावसासाठी थांबायचे दिवस वेगळेच. म्हणजे साडेतीन आठवडे एका बाजूलाच लागतात. एक तर बोट केचिकानला ठेवून विमानाने परत या, नाही तर या वर्षी वाटेतल्या ब्रॉटन बेटांपर्यंत जाऊन फिरा. मी पहिल्या वर्षी तेवढंच केलं आणि मला ते कमी वाटलं नाही.

हे एवढं सांगतोय कारण त्या किनाऱ्यावर माणसं बोटीमुळे कमी आणि घाईमुळे जास्त अडचणीत येतात असं माझं ठाम मत आहे. कॅम्पबेल रिव्हर गावाच्या वर सीमोर नॅरोज ही अरुंद सामुद्रधुनी लागते, तिथे पाणी १५ नॉट्सपर्यंत धावतं. तुमची बोट ७ ची, म्हणजे इंजिन पुढे ढकलतंय आणि किनाऱ्यावरची झाडं उलटी पुढे जातायत असं दिसेल. त्याच नळीत मधोमध रिपल रॉक नावाचा पाण्याखालचा खडक होता, त्याने कितीतरी बोटी आणि माणसं घेतली. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून ५ एप्रिल १९५८ ला सुमारे १,३७५ टन स्फोटकांनी तो उडवला. खडक गेला, पाणी आहे तसंच आहे. तिथे करायचं एकच, पाणी थांबतं त्या वेळेला, म्हणजे स्लॅकला, तोंडाशी हजर राहायचं. अर्धा तास आधी पोचा आणि बाहेर गोल फिरत थांबा. आणि हे नीट लक्षात घ्या, स्लॅकची वेळ म्हणजे भरती पूर्ण झाल्याची वेळ नव्हे, करंटचं (प्रवाहाचं) कोष्टक वेगळं असतं आणि तेच बघायचं. माझ्याकडचं छापील कॅनेडियन कोष्टक स्टॅण्डर्ड टाइममध्ये होतं, उन्हाळ्याचा एक तास मिळवायला मी विसरलो आणि चांगला एक तास आधी आत शिरलो. भोवऱ्यांनी बोट दोनदा आडवी केली, बायको स्टीअरिंगला आणि मी रेलिंगला धरून, कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हापासून कोष्टक कुठल्या टाइममध्ये आहे ते आम्ही दोघंही वेगवेगळं तपासतो.

पुढे जॉनस्टोन स्ट्रेट ही सामुद्रधुनी. तिथे सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी तुम्हाला वायव्येकडे ढकलतं, ते हवंच असतं, पण दुपारी वारा नेमका वायव्येकडून सुटतो आणि वारा-पाणी समोरासमोर आलं की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. पहाटे निघा, अकराच्या आत नांगर टाका.

मग केप कॉशन हे भूशिर, त्याचं नाव कॅप्टन व्हँकुव्हरने १७९३ मध्ये ठेवलं. इथे बेटांची आड संपते आणि साधारण चाळीस मैल थेट पॅसिफिकची लाट अंगावर येते. पोर्ट हार्डीला बसून रोज सकाळी व्हीएचएफ रेडिओवर पाइन आयलंड आणि एग आयलंडचे लाइटहाउस रिपोर्ट ऐका, तिथे अजून खरी माणसं दिवा सांभाळतात आणि खिडकीतून बघून लाट केवढी आहे ते सांगतात. सोबत वेस्ट सी ऑटर या लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बॉयचा (buoy) आकडा घ्या. दोन्ही चांगले असतील तरच निघायचं. आम्ही चार दिवस बसलो होतो.

रात्री चालू नका. लाकूडतोडीचे ओंडके तरंगत असतात, काही पाणी पिऊन उभे राहतात आणि वीतभर टोक वर दिसतं, ते अंधारात दिसणार नाही. आणि दोघंच आहात तर दमून चालवू नका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बेला बेला गावाजवळ एक टग (दुसऱ्या नौका ओढणारी बोट) खडकावर गेला, पहाऱ्यावरच्या माणसाला झोप लागली होती. लाखभर लिटर डिझेल तिथल्या मूळनिवासी हाइल्टसुक लोकांच्या शिंपल्यांच्या किनाऱ्यावर गेलं. ते त्यांचं अन्न होतं हो, अजून त्याबद्दल बोलताना तिथल्या लोकांचा आवाज बदलतो.

प्रश्न: याच वाटेवर कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टजवळ संध्याकाळी मस्त सात मीटर पाण्यात नांगर टाकला, पहाटे बोट चिखलावर कलंडलेली. नांगर तर सुटला नव्हता. काय चुकलं?

उत्तर: नांगर बरोबर होता, हिशोब चुकला. रत्नागिरीला उधाणाला अडीच-तीन मीटरचा फरक पडतो, आपल्याला त्याची सवय. प्रिन्स रूपर्टला उधाणाच्या दिवसात तोच सात मीटरपर्यंत जातो. तुम्ही भरतीच्या पाण्यात सात मीटर मोजले आणि ते रात्रीत निघून गेले. टाकताना विचारायचं, आत्ता पाणी कुठल्या टप्प्यावर आहे, अजून किती उतरणार, किती चढणार. समजा ओहोटीला सहा मीटर उरतील आणि भरतीला पाच चढतील, तर अकरा, त्यात पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतची उंची दीड, झाले साडेबारा. त्याच्या चौपट, म्हणजे पन्नास मीटर साखळी सोडा. तेवढी सोडली तर बोट किती मोठ्या गोलात फिरेल तेही बघा, खडक त्या गोलाबाहेर हवा. आपल्याकडचा तांडेल भांग (भरती-ओहोटीत कमी फरकाचे दिवस) आहे की उधाण हे विचारल्याशिवाय खाडीत शिरत नाही, इथेही तेच करा.

प्रश्न: मी भारतीय, अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावर आहे. बोटीने कॅनडातून जाताना व्हिसा लागतो का?

उत्तर: हो, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, बोट असली तरी. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा नको, पण वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. केचिकानला तुम्ही पुन्हा अमेरिकेत प्रवेश करता हे विसरू नका, तुमचा अमेरिकन व्हिसा संपलेला असेल तर निघायच्या आधी वकिलाला विचारा.

प्रश्न: आई पुण्याहून येणार आहे, ६८ वर्षांची, तब्येत ठणठणीत. तिला पूर्ण प्रवासात घेऊ का?

उत्तर: पूर्ण नको, केप कॉशन आणि डिक्सन एन्ट्रन्स हे उघड्या समुद्राचे टप्पे तुम्ही दोघांनी पार करा. आईंना विमानाने केचिकानला बोलवा आणि तिथून रँगेल, पीटर्सबर्ग असं शांत पाण्यातून न्या. रेनकोट चांगला द्या, केचिकानला वर्षभरात पाऊस रत्नागिरीएवढाच, साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर, पण तो बाराही महिने पडतो. डेकवर पाऊल टाकलं की लाइफजॅकेट, एक सेकंदही नाही म्हणू देऊ नका. जूनमध्येही पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, त्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास सांभाळण्यात जातं आणि दहाएक मिनिटांत हात काम करेनासे होतात. शिडी मागे कायम लटकवलेली ठेवा, आणि तुम्ही स्वतः पाण्यात पडलात तर बायको आणि आई मिळून तुम्हाला वर कशा घेतील याचा सराव केचिकानच्या धक्क्यावरच दोनदा करून घ्या. व्हीएचएफच्या चॅनल १६ वर मदत कशी मागायची ते मराठीत लिहून रेडिओशेजारी चिकटवा, आईंच्या हाताने.