वाचकांचे प्रश्न : जुलैचा दिनविशेष

प्रश्न : आमच्या शाळेत रोज फळ्यावर सुविचाराखाली दिनविशेष लिहितो. जूनमध्ये क्रांतिदिन येतो, डिसेंबरात मुक्तिदिन. जुलैत मात्र २३ तारखेचे लोकमान्य टिळक सोडले तर गोव्याचं म्हणून काही सापडत नाही. काय लिहावं?
— एक प्राथमिक शिक्षिका, डिचोली

उत्तर : बाई, माझ्या लेखी जुलै हा गोव्याच्या गाण्याचा महिना आहे. १३ जुलै १८९२ हा केसरबाई केरकरांचा जन्मदिवस आणि १५ जुलै १९०४ हा मोगूबाई कुर्डीकरांचा. मध्ये एकच दिवस! दोघींचं आडनाव गावावरून आलेलं, दोघींचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, आणि पुढे दोघींनाही पद्मभूषण. एवढं मोठं गाणं आपल्या दोन लहानशा गावांतून आलं, हे मुलांना कळायलाच हवं.

फळ्यावर गाव नीट लिहा. केसरबाईंचं केरी फोंडा तालुक्यातलं. सत्तरीतही केरी आहे, पेडण्यातही आहे, आणि मुलं हमखास गोंधळतात. केसरबाई भास्करबुवा बखल्यांकडे शिकल्या, रामकृष्णबुवा वझ्यांकडेही शिकल्या, पण १९२१ पासून खाँसाहेबांकडे जी तालीम सुरू झाली ती ते १९४६ मध्ये जाईपर्यंत चालली. पंचवीस वर्षं एकाच गुरूपाशी! हा आकडा मी वर्गात आवर्जून सांगत असे, कारण मुलं गाण्याच्या क्लासला दोन पावसाळे जातात आणि सोडतात.

मोगूबाईंचं कुर्डी सांगे तालुक्यातलं. ते आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती, भिंतींचे अवशेष वर येतात. उठून गेलेली माणसं मे महिन्यात तिथे जमतात, सोमेश्वराला नमस्कार करतात. मोगूबाईंच्या घराची जागाही तिथलीच. जुलैत यातलं काही दिसत नाही, म्हणून गावाला गेलेल्या कुणाकडून मेमधला फोटो मिळवा आणि १५ तारखेला फळ्याशेजारी लावा. खाली एक ओळ लिहा : या मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर.

८ जुलैही लिहून ठेवा. १९८४ मध्ये या दिवशी कवी बाकीबाब बोरकर गेले. त्यांचं बोरी गाव फोंड्याहून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी चरित्र सांगत बसू नका, एक कविता मोठ्यानं वाचा. मराठी वाचा, कोंकणी वाचा, दोन्ही त्यांचीच.

इतिहास हवा असेल तर २२ जुलै १९५४ घ्या. फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी गुजरातजवळचं दादरा पोर्तुगीजांच्या हातून सोडवलं. २ ऑगस्टला शेजारच्या नगर हवेलीतलं सिल्वासाही त्यांच्या हातून गेलं. पोर्तुगालनं हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेलं, पण ती भूमी त्यांना परत मिळाली नाही. आपल्याला १९६१ पर्यंत थांबावं लागलं खरं, पण पोर्तुगीज सत्ता हलू शकते हे आधी तिथे दिसलं. या लढ्यात उतरलेल्या दोघांचे वाढदिवसही जुलैतलेच : सुधीर फडके, २५ जुलै १९१९, आणि बाबासाहेब पुरंदरे, २९ जुलै १९२२. गायक आणि शिवशाहीर म्हणून मुलं त्यांना ओळखतात. नगर हवेलीच्या मुक्तीसाठी ते गेले होते, हे सांगा.

प्रश्न : केसरबाईंचं गाणं अवकाशात आहे असं वर्गात ऐकलं. खरं आहे का?
— आठवीतला विद्यार्थी, फोंडा

उत्तर : अगदी खरं आहे, बाळा. १९७७ मध्ये नासानं दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तिच्यावर जगभरातल्या संगीताबरोबर केसरबाईंची भैरवी आहे : ‘जात कहां हो’. साडेतीन मिनिटांची. भारतातलं तेवढंच एक गाणं तिथे आहे. त्यांतलं नंतरचं यान, म्हणजे व्हॉयेजर १, ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तू आधी ती भैरवी ऐक. घरी कुणाच्याही मोबाइलवर मिळेल. कानाला लावून नको, शांत बसून ऐक.

प्रश्न : ३१ जुलैला कोसंबींची जयंती म्हणतात. ते बौद्ध धर्माचे अभ्यासक ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ते वडील. धर्मानंद कोसंबी साखवाळचे, जन्म ९ ऑक्टोबर १८७६; बुद्धाचा शोध घेत घर सोडून नेपाळ, श्रीलंकेपर्यंत गेलेले. ३१ जुलै १९०७ ही त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद यांची तारीख. हे गणिती. जुन्या आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या, नाण्यांचा काळ ठरवताना त्यांनी साधा पण पक्का विचार केला : नाणं जितके दिवस हातोहाती फिरतं, तितकं झिजतं. मग नाणी एकेक करून तोलली आणि वजनांना संख्याशास्त्र लावलं. शाळेत करून बघायचं असेल तर एकाच प्रकारची, वेगवेगळ्या सालांची नाणी गोळा करा आणि सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या.